गव्हाच्या गावात सोंगांची जत्रा

आपल्याकडे रब्बीची खळी उरकली, घरात दाणे आले, की चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. तमाशाचे फड हलतात, कुस्त्यांचे आखाडे भरतात. शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत आणि खिशाला थोडा आधार असतो तेव्हाच जत्रा भरते, हे साधे गणित आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांच्या एका गावानेही हेच गणित मांडले आहे. फरक इतकाच, की त्यांच्या जत्रेत पालखी नाही आणि देवही नाही. तिथे अमेरिकेतल्या एका गायकाचे सोंग घेतलेली माणसे जमतात. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी! त्या गावाचे नाव पार्क्स, आणि त्या गायकाचे नाव एल्व्हिस प्रेस्ली.

माझा पुतण्या सिडनीला नोकरी करतो. २०२४ च्या जानेवारीत मी आणि सौ. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. समुद्र पाहून झाला, उंच इमारती पाहून झाल्या. मग तो म्हणाला, "काका, आता तुम्हांला शेतकऱ्यांचे गाव दाखवतो. पण आगगाडीत काही दिसले तर घाबरू नका."

गुरुवारी सकाळी सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवर गेलो आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ कळला. फलाटावर पांढरेशुभ्र, टिकल्यांनी मढवलेले पोशाख घातलेले पुरुष उभे होते. कानापर्यंत उभी कॉलर, खाली मोठ्या घेराची बेलबॉटम, डोळ्यांवर सोनेरी काडीचा काळा चष्मा, गालावर हनुवटीपर्यंत उतरलेले कल्ले. कोणाचे केस स्वतःचे, तर कोणाचा टोप. पंचाहत्तरीच्या आज्या घेरदार ठिपक्यांचे फ्रॉक घालून आल्या होत्या. एका बापाने कडेवरच्या वर्षाच्या पोरालाही कल्ले काढले होते, काजळानेच म्हणा ना. या गाडीला 'एल्व्हिस एक्सप्रेस' म्हणतात. जत्रेसाठी ती खास सोडतात.

साडेतीनशे किलोमीटरचे अंतर, पण डोंगर चढून जायचे असल्यामुळे सहा-सात तास लागतात. आधी निळ्या पर्वतांचा घाट लागतो. मग बाथर्स्ट, मग सफरचंदांच्या आणि चेरीच्या बागांचे ऑरेंज. (गावाचे नाव ऑरेंज आणि बागा सफरचंदांच्या!) पुढे मनिल्ड्रा या खेड्यात पिठाची प्रचंड गिरणी दिसते आणि आपण गव्हाच्या मुलखात शिरलो हे समजते. तिथून दोन्ही बाजूंना पिवळे काड उभे असलेली सपाट राने. कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात होऊन गेलेली असते. डब्यात गाणी चालू, पोरीबाळी नाचत होत्या, आणि खिडकीबाहेर आपल्या सोलापूर-नगरकडच्या उन्हाळ्यासारखा रखरखाट. तिकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पार्क्सला पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो. म्हणजे आपल्या अवर्षणी तालुक्यांएवढाच. पण जमिनी अफाट. हजार हेक्टरवाला तिथे काही मोठा जमीनदार समजला जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत गहू, सातू आणि तेलबियांचे कॅनोला पेरायचे, डिसेंबरपर्यंत काढायचे, आणि जोडीला मेंढरे, लोकरीसाठी व मांसासाठी. पाण्याची पाळी बहुतेक ठिकाणी नाहीच, सगळे आभाळावर. गहू हेक्टरी दोन टन उतरला तरी माणूस समाधानी. आपल्या बागायतदाराला हा आकडा लहान वाटेल, पण तिकडे एक माणूस आणि त्याचा मुलगा मिळून एवढी शेती करतात. मजूर म्हणून दिसत नाहीत. रानात यंत्रे तेवढी दिसतात.

ही मूळ भूमी विराजुरी या आदिवासी लोकांची. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इथे सोने सापडले आणि गोऱ्यांची वस्ती वाढली. १८७३ मध्ये राज्याचे पुढारी सर हेन्री पार्क्स यांचे नाव गावाला मिळाले. हमरस्त्याला त्यांच्या पत्नीचे, क्लॅरिंडाचे नाव आहे. वस्ती अकरा-बारा हजारांची, म्हणजे आपल्याकडचे बाजाराचे मोठे गाव. गावाबाहेर वीसेक किलोमीटरवर मेंढ्यांच्या कुरणात एक जगप्रसिद्ध वस्तू उभी आहे. ती म्हणजे ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण. ती १९६१ मध्ये सुरू झाली. १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला, त्याची चित्रे पृथ्वीवर पकडण्यात या दुर्बिणीचा मोठा वाटा होता. आम्ही ती पाहिली. सौ. म्हणाली, "केवढी मोठी परात!" खाली मेंढ्या निवांत चरत होत्या. त्यांना चंद्राचे काय?

आता हा एल्व्हिस कोण, ते सांगायला हवे. तो १९३५ च्या ८ जानेवारीला अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात टुपेलो या गावी दोन खोल्यांच्या लाकडी घरात जन्मला. मुलूख कापसाचा, आणि घरची गरिबी. जुळ्यातला भाऊ जन्मतःच गेला. पुढे कुटुंब मेंफिस शहरात आले. शाळा संपल्यावर पोरगा विजेच्या कामाच्या एका कंपनीत ट्रक चालवू लागला. १९५४ मध्ये त्याने पहिली तबकडी केली आणि दोन-तीन वर्षांत साऱ्या अमेरिकेला वेड लावले. गाताना कंबर आणि पाय असे हलवी, की म्हाताऱ्यांनी नावे ठेवली आणि तरुणांनी डोक्यावर घेतले. आपले शम्मी कपूर पडद्यावर अंग घुसळत गात, तेव्हा त्यांना लोक 'भारताचा एल्व्हिस' म्हणत, यावरून कल्पना यावी. १९७७ च्या १६ ऑगस्टला वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. गंमत म्हणजे तो ऑस्ट्रेलियात कधी आलाच नाही. अमेरिकेबाहेर त्याने कार्यक्रम केले ते फक्त शेजारच्या कॅनडात, १९५७ साली.

मग पार्क्सचा आणि त्याचा संबंध काय? खरे सांगायचे तर काहीच नाही. गावातल्या एका जोडप्याचे हॉटेल होते. दोघेही एल्व्हिसचे भक्त, म्हणून हॉटेलाला त्यांनी त्याच्या बंगल्यावरून 'ग्रेसलँड्स' असे नाव दिले होते. जानेवारीत कापणी संपलेली, ऊन मी म्हणते, गावात चिटपाखरू नाही, हॉटेल रिकामे. याच महिन्यात एल्व्हिसचा वाढदिवस येतो, तर तोच साजरा करू, असे त्यांच्या मनात आले. १९९३ मध्ये पहिला सोहळा झाला. माणसे जमली दोनशेच्या आसपास. गावातल्या काही प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. मेल्या अमेरिकन गायकाची सोंगे नाचवणे आपल्या गव्हा-लोकरीच्या गावाला शोभते का, हा त्यांचा सवाल. पण वर्षागणिक गर्दी वाढत गेली. आज पाच दिवसांत पंचवीस हजारांच्या घरात माणसे येतात, म्हणजे गावाच्या दुप्पट!

एवढी माणसे उतरायची कुठे? हॉटेले वर्षभर आधी भरतात. मैदानात तंबू पडतात. आणि गावकरी आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. आम्हीही अशाच एका घरी उतरलो. यजमान पंचाहत्तरीचे शेतकरी, शेती मुलाच्या हाती देऊन गावात राहायला आलेले. त्यांची पत्नी हातापायाने खुटखुटीत. पुतण्या दुभाष्या होताच.

म्हाताऱ्याला मी पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा. शेतकरी दुसरे काय विचारणार? तो म्हणाला, "२००१ पासून २००९ पर्यंत आम्ही जवळजवळ सलग दुष्काळ पाहिला. मग २०१७ ते २०१९. मेंढ्यांना विकत आणून चारले, शेवटी निम्म्या विकल्या. त्या वर्षांत या रस्त्यावर हसणारी माणसे दिसत ती फक्त जानेवारीत, आणि तीही बाहेरून आलेली." सुरुवातीला त्यालाही हा सगळा चावटपणा वाटला होता. दुष्काळात खोल्या भाड्याने दिल्या, त्यातून विजेची बिले भागली. तेव्हापासून तोंड बंद ठेवले म्हणाला. मी हसलो. अशी तोंडे आपल्याही गावात बंद होतात.

त्याच घरी दुसऱ्या खोलीत एक कलावंत उतरला होता. या लोकांना 'नकल्या' म्हटलेले आवडत नाही. आम्ही त्याला मानवंदना देतो, असे ते म्हणतात आणि नावही तसेच लावतात. मी पहाटे उठून ओसरीवर आलो, तर हा गृहस्थ बनियन आणि अर्ध्या चड्डीत, बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पाय सोडून चहा पीत बसलेला. वय ५९. उंच, भरदार, गालांवर काळेभोर कल्ले. पांढरा पोशाख समोर तारेवर वाळत घातलेला. त्याचा पोटापाण्याचा धंदा वायरमनचा. शेतातल्या मोटारी, दूध गार करायची यंत्रे, गिरण्या, सगळे दुरुस्त करतो. "एल्व्हिसही विजेच्या कंपनीतूनच आला होता," तो म्हणाला, "फक्त तो लवकर सुटला."

त्या तीन दिवसांत त्याच्याशी पुष्कळ बोलणे झाले. हा माणूस भेटला नसता तर जत्रेची नुसती गंमत पाहून मी परत आलो असतो.

पोशाख मी हातात घेऊन पाहिला. जाड कापड, त्यावर धातूच्या टिकल्या आणि खडे, शिवाय चार बोटे रुंद पट्टा. सहज सात-आठ किलो भरेल. मूळ पोशाख बिल बेल्यू नावाच्या वेशभूषाकाराने एल्व्हिससाठी तयार केले होते. एल्व्हिसला कराटेचा नाद, म्हणून पाय मोकळा फिरावा असे ते अंगभर एकसंध शिवले. १९७३ च्या जानेवारीत हवाई बेटावरून त्याचा कार्यक्रम उपग्रहाने अनेक देशांत दाखवला गेला, तेव्हा अंगावर गरुडाचे चित्र काढलेला पांढरा पोशाख होता. सोंग घेणाऱ्यांचा जीव बहुतेक त्याच पोशाखात अडकलेला. हुबेहूब तसा शिवून घ्यायचा तर दोन-तीन हजार डॉलर कुठे गेले नाहीत, म्हणजे आपले लाख-दीड लाख रुपये. आमच्या वायरमनकडे असे तीन आहेत. पहिला त्याच्या बायकोने घरी शिवला होता, टिकल्या लावायला सहा महिने लागले. तो आता अंगात बसत नाही, पण टाकवत नाही.

आणि हे अंगात घालून चाळीस अंशांच्या उन्हात नाचायचे! केसांचा रंग वितळून मानेवरून ओघळतो. गुडघ्यावर बसून गाण्याची एल्व्हिसची लकब होती. तीस-तीसदा गुडघा टेकून याच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत. गळ्यातला रुमाल काढून समोरच्या बायकांना द्यायचा ही दुसरी लकब, म्हणून हा रुमाल डझनावारी विकत घेतो. पैशाचे विचाराल तर क्लबात एक रात्र गायल्याचे जे मिळते त्यात पेट्रोल, लाउडस्पीकर आणि जेवण वजा जाता हातात फारसे उरत नाही. वृद्धाश्रमात निम्म्या पैशांत गायचे, कधी फुकट. या धंद्यावर पूर्ण पोट भरणारे थोडे. बाकीचे सोमवार ते शुक्रवार कुठे शिक्षक, कुठे ट्रकवाले, कुठे पोस्टात. शनिवार-रविवार घरच्यांच्या वाट्याला येत नाही. २०२० साली करोना आला तेव्हा तर सगळेच थांबले. २०२१ ची पार्क्सची जत्राही भरली नाही.

"आणि कल्ल्यांचे काय?" मी विचारले. कारण कल्ले काही रविवारी रात्री उतरवून ठेवता येत नाहीत. तो म्हणाला, "तेच तर. मी खांबावर चढलो तरी खालून लोक हाक मारतात, एल्व्हिस, वीज कधी येणार? माझ्या गावात निम्म्या लोकांना माझे खरे नाव आठवत नाही."

त्याला हा नाद लागला तो चौतिसाव्या वर्षी, एका भावकीतल्या लग्नात. तोवर बुजरा माणूस. चारचौघांत बोलायची चोरी. लग्नात कोणीतरी टोप डोक्यावर ठेवला आणि हा गायला लागला. "टोपाखाली मी नव्हतोच. मग लाजायचे कोणी?" पंचवीस वर्षे झाली. मुले शाळेत होती तेव्हा त्यांना बापाची लाज वाटे. पुढे मुलीचे लग्न ठरले. मुलगी म्हणाली, बाबा, माझ्या लग्नात गा, पण तुमच्या स्वतःच्या आवाजात गा. "मी महिनाभर गोठ्यात एकटा सराव केला," तो म्हणाला. "तोंड उघडले की त्याचाच आवाज येई. माझा कुठला होता ते मला सापडेना." मग लग्नात काय केलेस, असे पुतण्याने विचारले. तो म्हणाला, "गायलो नाही. मुलीबरोबर नाचलो. नाच माझा स्वतःचा आहे, वाईट आहे, पण माझा आहे."

वयाचा तर या लोकांना मोठाच पेच. एल्व्हिस बेचाळिसाव्या वर्षी गेला आणि तिथेच थांबला. "मी त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठा झालो. आता मी त्याचे सोंग घेतो की त्याच्या बापाचे, हे मलाच कळत नाही." दरवर्षी नोव्हेंबरपासून तो भाकरी-बटाटे सोडतो, पट्टा लागावा म्हणून. तरुण पोरे सडसडीत असतात. ती १९५० च्या दशकातला कोवळा एल्व्हिस करतात. जाड झाले की पांढरा पोशाख, अशी वाटणीच आहे.

मग मिळते काय? हे मी त्याला सरळ विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि एक हकिकत सांगितली. एका वृद्धाश्रमात गाऊन झाल्यावर एका फार म्हाताऱ्या बाईने त्याची बाही धरली. बाईला कालचे-आजचे काही आठवत नसे. ती म्हणाली, "पोरा, तुझी आई गेली असे ऐकले. फार वाईट झाले." एल्व्हिसची आई १९५८ च्या ऑगस्टमध्ये वारली, तेव्हा तो सैन्यात होता. आईवर त्याचा फार जीव. ती बातमी या बाईने तरुणपणी ऐकली असणार, आणि साठ वर्षे तिच्या मनात सांत्वन करायचे राहून गेले असणार. "मी तिला म्हणालो, बाई, तुम्ही आठवण ठेवलीत, उपकार झाले. ते तिच्याकडून मी नाही तर दुसऱ्या कोणी घ्यायचे?" सौ.ला हे पुतण्याने मराठीत सांगितले, तेव्हा ती उठून आत गेली.

शनिवारी क्लॅरिंडा रस्त्यावरून मिरवणूक निघते. जुन्या लांबलचक मोटारी, सजवलेल्या गाड्या, शाळेची पोरे, आग विझवणारे, आणि सगळ्यांमधून पांढरे पोशाख. जाडे, किरकोळ, बायका, पोरे, दाढीवाला एल्व्हिस, चाकाच्या खुर्चीतला एल्व्हिस. त्यांतले बहुतेक हौशी, वर्षातून चार दिवस सोंग घेणारे. गाणे येते त्यांची संख्या त्यामानाने लहान. ऊन एवढे, की डांबर पायाखाली मऊ लागत होते. "या माणसांना कोणी ताक का देत नाही?" हा सौ.चा प्रश्न मला अजून रास्त वाटतो. रस्त्याकडेला चर्चच्या बायका, शाळांचे पालक आणि क्लबवाले खाद्यपदार्थांचे ठेले लावून बसले होते. ते पैसे शाळेला, संस्थेला जातात. व्यापारी तेवढा कमावतो आणि गाव कोरडे, असे तिथे झालेले नाही, हे मला विशेष वाटले.

मिरवणूक पाहताना मला आपले बहुरूपी आठवत होते. माझ्या लहानपणी सुगीनंतर ते गावात येत. हवालदाराचा वेश, डोक्याला टोपी, हातात वही. वाड्याच्या दारात उभे राहून जोरात दम देत, समन्स काढत, नसलेल्या गुन्ह्यांची यादी वाचत. लहान पोरे पळत, म्हातारी माणसे हसत. हा हवालदार नव्हे हे गावाला ठाऊक, आणि गावाला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक. तरीही दम खायचा आणि सुपात दाणे घालायचे. काही भागांत त्यांना रायरंद म्हणत. पार्क्समध्ये मला तेच दिसले. हा खरा एल्व्हिस, असे कोणीच मानत नाही, तरी बायका रुमालासाठी हात पुढे करतात. देशात आणखीही एका गावाला असा नाद आहे. कच्छमधल्या आदिपूरला १६ एप्रिलला चार्ली चॅप्लिनच्या वाढदिवशी टोपी-काठी-मिशीवाले लोक मिरवणूक काढतात.

पण आपल्या बहुरूप्याचे पुढे काय झाले? पिढीजात हुन्नर असलेली ही भटकी जमात. आज ते गावात आले तर त्यांच्याकडे आधी संशयाने पाहतात. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी आली अशा मोबाइलवरच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते बहुरूपी नव्हते, नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे. पण अनोळखी वेशातला माणूस दारात आला की आपल्या हातून काय होऊ शकते, ते त्या दिवशी सगळ्या भटक्यांनी पाहिले. ही गोष्ट मी वायरमनला सांगितली नाही. यजमानाला सांगितली. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कितीतरी वेळ काही बोलला नाही.

सोंग घेणाऱ्याला पोशाखाइतकीच जागा लागते. पार्क्सने ती दिली आहे. याला आणखीही एक बाजू आहे, ती कायद्याची. एल्व्हिसचे नाव आणि रूप हे आता एका कंपनीच्या मालकीचे आहे. मेंफिसला दर ऑगस्टमध्ये या कलावंतांची मोठी स्पर्धा भरते, ती त्याच्या इस्टेटीनेच २००७ साली सुरू केली. निरनिराळ्या देशांतून निवडून आलेले तिथे जातात. याच मालक कंपनीने २०२२ मध्ये लास वेगास शहरातल्या लग्न लावणाऱ्या चॅपेलांना नोटिसा पाठवल्या, की एल्व्हिसच्या वेशात लग्ने लावू नका. तिथे हा धंदाच आहे. ओरड झाली तेव्हा कंपनी नरमली. वायरमनला मी विचारले, उद्या तुला नोटीस आली तर? तो म्हणाला, "आवाज परत न्यायला या म्हणेन. कुठे ठेवलाय ते मला तरी सापडत नाही."

रविवारी सकाळी बागेत भक्तिगीतांची प्रार्थना असते. एल्व्हिसला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली, ती तिन्ही भक्तिसंगीतासाठी, हे पुष्कळांना माहीत नसते. सगळे गाव आणि सगळे पाहुणे सावलीला दाटीने बसले होते. आमचा वायरमन तिथे साध्या पांढऱ्या सदऱ्यात मागे उभा राहून सगळ्यांबरोबर गात होता. मी मुद्दाम जवळ जाऊन कान दिला. एवढ्या आवाजांत एकट्याचा कुठला ओळखू येणार?

सोमवारी सकाळी तो निघाला. खाकी शर्ट, गाडीत हत्यारांची पेटी, मागे हँगरवर कापडात गुंडाळलेला गरुड. मंगळवारी एका डुक्करपालनाच्या शेडमध्ये मोटारीचा स्टार्टर बसवायचा होता. आमच्याकडे शेतीपंपाला आठवड्यातून काही दिवस रात्रीच वीज मिळते, हे ऐकून त्याला एल्व्हिसपेक्षा जास्त आश्चर्य वाटले. अंधारात साप-विंचू पायाखाली, आणि माणूस पाणी धरायला जातो? त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

यजमानीण खोलीतल्या चादरी काढत होती. उशीच्या अभ्र्यांवर केसांच्या रंगाचे काळे डाग पडले होते. ते काही धुऊन जात नाहीत म्हणाली. म्हणून तिने दोन अभ्रे वेगळेच ठेवले आहेत, त्याच्यासाठी. पाण्यात बुडवून, पिळून, तारेवर वाळत घातले. संध्याकाळी घडी करून एका पिशवीत घातले. पिशवीवर शाईने लिहिलेले होते, 'जानेवारी'.